आठवं मनगट

बायोमेडिकल इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीकडे गावातले लोक दोनच गोष्टी घेऊन येतात. एक दुखरा गुडघा आणि दुसरा बिघडलेला मिक्सर. ईश्वरी सुरवसेकडे पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत या दोन्ही आल्या, त्याही एकाच माणसाकडून. किराणा दुकानदार बसवंतआप्पांनी मिक्सर तिच्यापुढे ठेवला, लेंगा वर सारून गुडघाही दाखवला आणि विचारलं, "पोरी, तू डाक्टर व्हणार का इंजनेर?"

"दोन्हीच्या मधलं, आप्पा."

"मधलं म्हंजी कंपाउंडर की!" आप्पांनी निकाल दिला आणि तो गावभर मान्य झाला.

तिच्या आईला मात्र नेमकं कळलं होतं. रत्नमाला सुरवसे ही गावची आशाताई. गरोदर बायांच्या नोंदी, लेकरांचे डोस, रक्तवाढीच्या गोळ्या, असं सगळं पिशवीत घेऊन ती बारा वर्षं दारोदार फिरत होती. "माणसाच्या अंगाला लावायच्या मशिनी असत्यात न्हवं, त्या कशा करायच्या ते शिकायलीय माझी लेक," असं ती सांगायची. कॉलेजच्या माहितीपत्रकात यासाठी चार पानं खर्ची पडली होती.

कॉलेज सोलापूरला होतं. सकाळी शरीररचना, दुपारी सर्किट. हृदय एकदा पंप म्हणून शिकायचं, एकदा विजेचा उगम म्हणून शिकायचं आणि परीक्षेत दोन्हींची सरमिसळ करायची. अभ्यास अवघड होता, पण ईश्वरी हुशार होती आणि मेहनतीही. चार वर्षांत सगळ्यात पक्की बसली ती गोष्ट मात्र अभ्यासक्रमात नव्हती.

प्रॅक्टिकलला रीडिंग घ्यायची, ती ग्राफवर मांडायची आणि रेष सरळ यायला हवी, असा दंडक होता. खऱ्या उपकरणाची रेष काही सरळ येत नाही. वायर ढिली असते, व्होल्टेज खालीवर होतं, घामेजलेलं बोट सरकतं. मग सीनियर मुली कानात सांगायच्या, "आधी ग्राफ काढ गं, मग रीडिंग आपोआप येतात." म्हणजे सरळ रेष आधी आखायची आणि तिच्यावरचे आकडे उचलून जर्नलमध्ये भरायचे. परीक्षेला बाहेरून आलेले सर ती रेष बघून खूश व्हायचे, सही करायचे आणि चहा घ्यायचे. यात कुणालाच खोटेपणा वाटत नसे. सगळेच करायचे, म्हणून ती पद्धत झाली होती.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी या पद्धतीला मोठं काम मिळालं.

त्यांच्या विभागात डॉ. वसुंधरा होनराव नावाच्या प्राध्यापिका होत्या. त्यांची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती, आणि ती ज्या दुखण्यानं गेली त्याच्या मागे मॅडम नऊ वर्षं लागल्या होत्या. गरोदरपणात काही बायांचा रक्तदाब शेवटच्या महिन्यांत एकाएकी चढतो. अंग सुजतं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर झटके येतात आणि आई, बाळ दोघंही हातची जातात. पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेच्या रक्तवाहिन्या नीट तयार न होणं हे त्याचं मूळ. पण रक्तदाब चढण्याच्या तीनेक आठवडे आधीच धमन्या कडक व्हायला लागतात, असं मॅडमना आढळलं होतं. निरोगी नाडीच्या प्रत्येक लाटेला दोन उंचवटे असतात, एक मोठा आणि त्यामागे एक छोटा. धमन्या कडक झाल्या की छोटा उंचवटा मोठ्यात विरघळत जातो.

मॅडमनी एक कडं बनवलं होतं. मनगटात घातलं की ते कातडीत उजेड सोडायचं, परत आलेल्या उजेडावरून लाटेचा आकार वाचायचं आणि त्या छोट्या उंचवट्यावर नजर ठेवायचं. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर नारिंगी. अडचण एकच होती. उन्हानं रापलेली, राठ झालेली, गोंदलेली कातडी उजेड पिऊन टाकते. परत येतो तो थोडका आणि थरथरता. अशा वेळी लाटेचा हरवलेला भाग कडं स्वतःच भरून काढायचं, आधी शिकलेल्या नमुन्यांवरून. म्हणून त्याला सगळ्या तऱ्हेची मनगटं शिकवणं भाग होतं.

त्यासाठी बारा कॉलेजांतली मुलं-मुली मे महिन्याच्या सुट्टीत कामाला लावली गेली. प्रत्येकानं आपापल्या गावातल्या तीस बायांची मनगटं मोजायची, म्हणजे मोजायचं कडं घालून त्यांच्या नाडीच्या लाटा टिपायच्या. प्रत्येकीनं चार मिनिटं हात न हलवता बसायचं. सोबत सहा रंगछटांचं एक कार्ड होतं. सगळ्यात गडद अशा शेवटच्या दोन छटांची निदान दहा मनगटं हवीतच, हे मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

ईश्वरीनं पहिल्या तीन दिवसांत सात मनगटं मोजली. स्वतःचं, आईचं, बसवंतआप्पांच्या सुनेचं, शाळेतल्या दोन मॅडमचं, अंगणवाडीच्या ताईंचं आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या एका काकूंचं. चौथ्या दिवशी ती शेताकडे गेली. कांदा काढणी जोरात होती. बारा-चौदा बाया उन्हात वाकून कांदे उपटत होत्या. त्यांच्यात शेवंतामावशी होती. तिची मुलगी शिवकन्या ही ईश्वरीची दहावीपर्यंतची एका बाकावरची मैत्रीण, आदल्याच वर्षी लग्न होऊन बार्शीकडे दिलेली.

"काय गं, इकडं कुठं उन्हाचं?" मावशीनं लांबूनच विचारलं.

"काय न्हाई मावशी, सहजच."

या बायांना चार मिनिटं कुठली सापडणार, मुकादम ओरडेल, हात मातीनं भरलेत, त्या हसतील, असा सगळा विचार ईश्वरीनं बांधावर उभ्या उभ्याच करून टाकला. त्यांच्या वतीनं नकारही स्वतःच देऊन टाकला आणि ती घरी आली.

उरलेली तेवीस मनगटं तिनं पंख्याखाली बसून तयार केली. खऱ्या सात लाटा घ्यायच्या, गडद छटेसाठी त्यांची उंची कमी करायची, की झालं. पण सगळ्या लाटा एकसारख्या दिसल्या असत्या तर पितळ उघडं पडलं असतं. प्रत्येक ठोका जरासा खालीवर करायला काही अस्ताव्यस्त आकडे हवे होते. तिला पाठ असलेले अस्ताव्यस्त आकडे म्हणजे आईचा मोबाइल नंबर. तेच दहा आकडे तिनं ओळीनं, पुन्हा पुन्हा पेरत नेले. तिची रूममेट सानिया मुजावर अक्कलकोटची. तिनं आपल्या बोळातल्या दहा पोरींची मनगटं तीन तीनदा मोजली आणि तीसचा आकडा गाठला.

सुट्टीनंतर होनराव मॅडम वर्गात म्हणाल्या, "डेटा फार स्वच्छ आलाय." वर्गाला बरं वाटलं.

ईश्वरी चौथ्या वर्षाला पोचेपर्यंत कडं सगळ्या चाचण्या पार करून तीन जिल्ह्यांत वाटलं गेलं होतं. चाचण्या मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत झाल्या होत्या आणि तिथल्या बायांच्या हातांवर ते चोख चाललं होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. बाया त्याला हिरवं कडं म्हणायच्या. रत्नमालाकडे चौदा कडी आली. एकेकीच्या हातात कडं चढवताना ती अभिमानानं सांगायची, "माझ्या लेकीच्या कॉलेजात झालंय हे. आपल्या गावचे हात तिनंच मोजून दिल्यात." दर पंधरवड्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची आता गरज नाही, असं वरून पत्रक आलं. रत्नमालानं पट्ट्याचं मशीन पुसलं, पिशवीत गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मॅडमनी ईश्वरीला जुना डेटा चाळायला दिला. कड्याची नवी आवृत्ती काढायची होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिनं एक साधी चाचणी लिहिली. कुठल्या लाटांमधला चढउतार माणसाच्या शरीरातून आलेला वाटत नाही, ते शोधायचं. संगणकानं लाटांचा एक गट बाजूला काढला आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारा क्रम पडद्यावर मांडला. दहा आकडे होते. चौथ्या आकड्यापासून ईश्वरी पुढचा आकडा वाचायच्या आधीच म्हणायला लागली होती.

तिनं तीच चाचणी सगळ्या कॉलेजांच्या डेटावर चालवली. मधल्या छटांमध्ये खरी मनगटं भरपूर होती. शेवटच्या दोन छटांमध्ये अकराशे नोंदी होत्या आणि संगणकाला त्यांतल्या एकोणीस खऱ्या वाटल्या. कुणी पाढे पेरले होते, कुणी जन्मतारखा, कुणी नुसतीच मैत्रिणीची लाट दाबून बुटकी केली होती. बारा कॉलेजांतल्या मुलांनी एकमेकांना न विचारता एकच काम टाळलं होतं. उन्हात राबणाऱ्या बाईला 'जरा बसता का' असं विचारायचं काम.

मग रापलेल्या मनगटावर कडं काय करत असेल, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. परतलेला उजेड थोडका. हरवलेला भाग भरून काढायचा. भरायला नमुना कुठला, तर सावलीत बसलेल्या धडधाकट पोरीचा, दोन स्पष्ट उंचवट्यांचा. अशा बाईला ते कडं हिरवा दिवाच दाखवणार होतं. तिच्या आत काहीही चाललेलं असो.

होनराव मॅडमनी आकडे पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिले.

"यात तुझी किती?"

"तेवीस."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"आजच कळलं, मॅडम. म्हणजे, खोटी आहेत हे माहीत होतं. त्यानं काय होतं ते आज कळलं."

मॅडमनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "हे कळवलं की पहिल्यांदा तुझी डिग्री अडकेल. मग सगळी कडी परत जातील. चाळीस हजार बायांच्या हातात आहेत ती, आणि निम्म्याअधिक जणींना खरोखर उपयोग होतोय. मला एक आठवडा दे. मी स्वतः तपासते, मग रीतसर कळवू."

यात चूक काढण्यासारखं फारसं नव्हतं. ईश्वरीला ते पटलं आणि पटल्यावर तिला चक्क बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला.

"जेवलीस का? मी बी आत्ताच जेवले. आता अंगणवाडीत जायचंय, डोसाचा दिवस हाय. अगं, शिवकन्या आलीय बघ बाळंतपणाला. सातवा सरला. लई आठवण काढायलीय तुझी."

"कशी आहे ती?"

"हाय बरी. जरा सुजलीय. काल बांगड्या निघंनात म्हणून साबण लावून काढल्या. डोकं दुखायलंय म्हणती चार दिस झालं. म्हटलं ऊन लागलं आसंल."

"आणि कडं?"

"हिरवं हाय की! म्हणून तर म्हटलं तिला, काय भिऊ नको."

"आई, हात कसाय तिचा? रंग?"

"रंग कसला इचारतीस? लगीन झाल्यापासून ऊसतोडीलाच हाय की ती. काळवंडून गेलंय पोरगं, वळखू येईना."

"आई, पेटीतला पट्टा काढ आणि तिचा रक्तदाब बघ."

"बघते संध्याकाळी. पर पट्टा वापरायचा न्हाई म्हणून पत्रक आलंय की."

"आत्ता बघ."

"का पर? कडं हाय की हातात. तूच तर हात मोजून दिलेस न्हवं?"

मॅडमच्या आठवड्यातले चार दिवस अजून बाकी होते. काहीतरी कारण ठोकून देता आलं असतं, नवीन चाचणी आहे, परीक्षेसाठी आकडा हवाय, काहीही. दोन वर्षांपूर्वी असं काही रचायला तिला वेळ लागला नव्हता. पण संध्याकाळपर्यंत थांबू नकोस, हे आईला पटवायला खऱ्याशिवाय दुसरं काही पुरलं नसतं.

"न्हाई दिले, आई. सातच मोजले. बाकीचे तेवीस खोटे हायत. शेतातल्या एकीचाबी हात मी मोजला न्हाई. घरात बसून लिहिले सगळे. त्या कड्याला शिवकन्येचा हात वाचताच येत न्हाई."

पलीकडे पेटीची कडी वाजली.

रत्नमालानं फोन बंद केला नव्हता, तसाच पिशवीत टाकला होता. ईश्वरीला चपलांची फटफट ऐकू येत राहिली, कुणीतरी "कुठं निघालीस ताई" म्हणून विचारलेलं ऐकू आलं, मग दाराची कडी, "हात दे गं" आणि पट्ट्यात हवा भरल्याचा फुसफुस आवाज. रत्नमालानं आकडा मोठ्यानं वाचला. वहीत लिहायच्या आधी मोठ्यानं वाचायची तिला सवय होती.

"एकशेऐंशीवर एकशेपंधरा."

तिनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा हवा भरली आणि पुन्हा तोच आकडा वाचला. या वेळी तिचा आवाज फुटला होता.

अँब्युलन्समध्ये शिवकन्येला एक झटका आला. रत्नमाला सोबत होती, तिनं तिला कुशीवर वळवून धरून ठेवलं. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. शिवकन्या वाचली. मुलगी झाली, एक किलो शंभर ग्रॅमची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले की आत्ताच काही सांगता येणार नाही. ईश्वरीनं ती पेटी काचेबाहेरून पाहिली. तिला त्या पेटीवरच्या एकूण एक वायरचं नाव आणि काम माहीत होतं. त्याचा तिथं कुणाला काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं लिहून काढलं, आपल्या तेवीस मनगटांपासून अकराशेपर्यंत, आणि ते कागद मॅडमच्या टेबलावर ठेवले. मॅडमनी ते पूर्ण वाचले आणि खाली स्वतःची सही केली. आठवड्याचा विषय काढला नाही. त्यानंतर त्या ईश्वरीशी कामाव्यतिरिक्त बोलल्या नाहीत. "तू एकटीनंच हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती?" सानिया म्हणाली, आणि दोन दिवसांनी तिनंही आपला कागद नेऊन दिला. कडी परत मागवायचा आदेश निघाला. त्या वर्गातल्या सगळ्यांची डिग्री एक वर्ष रोखली गेली आणि हॉस्टेलमध्ये ईश्वरीच्या शेजारी बसून जेवणारं कुणी उरलं नाही.

ती गावी आली. रत्नमाला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं भाकरी वाढली, पाणी ठेवलं आणि सकाळी उठून पट्ट्याची पिशवी खांद्याला लावली.

"चल," ती म्हणाली.

कडी गोळा करायला तेरा घरं होती. प्रत्येक दारात रत्नमाला बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "हिला काहीतरी सांगायचंय." मग ईश्वरीनं सांगायचं. पहिल्या घरी तिनं उंबऱ्याकडे बघतच सांगितलं. पाचव्या घरी एक सासू म्हणाली, "आमच्या सुनेच्या जिवाशी खेळ व्हय गं?" आठव्या घरी सून कडं काढूनच देईना, "राहू द्या की ताई, दिवा तर लागतोय" असं म्हणायला लागली. बसवंतआप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं "बरं" म्हणाले. त्यांनी कंपाउंडर म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. प्रत्येक ठिकाणी रत्नमाला कडं काढायची, पट्टा बांधायची, आकडा मोठ्यानं वाचायची.

चौदावं कडं दवाखान्यातच काढून घेतलं होतं. पण रत्नमाला घराकडे न वळता शेताच्या वाटेला लागली. शिवकन्येपाशी तिची सासू थांबली होती आणि शेवंतामावशी दोन दिवसांसाठी हरभरा काढायला परत आली होती. ऊन चढलं होतं. ईश्वरी त्याच बांधावर क्षणभर थांबली, मग खाली उतरली.

मावशीनं हातातले डहाळे खाली ठेवून सगळं ऐकलं. ईश्वरीचं संपल्यावर म्हणाली, "त्या दिशी आली व्हतीस की तू. कांदा काढायलो आमी तवा. हितंच हुबी व्हतीस."

"व्हय."

"मी इचारलं बी तुला. सहजच, म्हणालीस."

"व्हय, मावशी."

"किती येळ लागत व्हता गं त्याला?"

"चार मिनिटं."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "सांगायचं की गं मग. बसलो असतो की सगळ्याजणी. तेवढंच बूड टेकलं असतं."

ईश्वरीला हुंदका फुटला. इथं रडायचा हक्क आपला नाही, हेही तिला कळत होतं. तिनं तो कसाबसा गिळला. तिच्या पिशवीत प्रयोगशाळेतलं मोजायचं कडं होतं, छटांचं कार्ड होतं आणि दोन वर्षांपूर्वीची, मनगटांच्या नोंदींची वहीही होती. ती बाहेर काढायची तिची हिंमत होत नव्हती. रत्नमालानं ती पिशवी तिच्या खांद्यावरून घेतली आणि उघडून मावशीच्या पुढ्यात ठेवली.

मावशीनं तांब्यातलं पाणी उजव्या हातावर ओतलं, हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. मनगटावर हिरवट गोंदण होतं, वर्षानुवर्षांच्या उन्हानं अर्धं बुजलेलं. "कुठं ठिवू?"

"इथं, गुडघ्यावर. हलवू नका."

तिघी हरभऱ्याच्या ढिगाशेजारी बसल्या. पलीकडच्या बायांनीही काम थांबवलं आणि बघत राहिल्या. मोबाइलच्या पडद्यावर लाट उमटायला लागली. ती बुटकी होती, थरथरती होती, कुठे कुठे तुटत होती. जर्नलमध्ये शोभेल असं तिच्यात काहीच नव्हतं. ईश्वरीनं तिला हात लावला नाही. चार मिनिटं झाल्यावर तिनं जुनी वही उघडली, तेवीस ओळींवर एक लांब काट मारली, आणि त्याखाली नवा क्रमांक टाकला.

आठ.